साहेबाचं पिस्तूल

आमच्या गावाला नदी नाही. दक्षिणेला भीमा, पूर्वेला सीना, आणि दोन्हींच्या मधे कर्जत तालुक्याचा हा उताणा पडलेला माळ. पाऊस वर्षाला वीस-बावीस इंच, तोही त्याच्या मनात आलं तर. ओढ्याच्या कडेनं पट्ट्यापट्ट्यानं काळी जमीन, बाकी सगळं बरड. कुसळी गवत, बोरी, तरवड, मधेच एखादं हिवराचं झाड. या माळावर माणसाला राहवत नाही, पण काळविटाला हाच माळ लागतो. त्याला दाट रान नको. लांबवर दिसलं पाहिजे आणि पळायला मोकळं रान पाहिजे, एवढंच त्याचं मागणं.

शहरातली माणसं काळविटाला सरसकट हरीण म्हणतात. आम्हीही म्हणतो. पण ते चितळ-सांबराच्या जातीचं नव्हे. चितळाची शिंगं दरवर्षी गळतात आणि नवी फुटतात. काळविटाची शिंगं जन्माची. पिळाची, एकेका वर्षानं वाढत गेलेली. मादीला शिंगं नसतात, रंगही पिवळसर तांबूस. नर मात्र वय वाढेल तसा काळा होत जातो, पोट आणि डोळ्याभोवतीचं कडं तेवढं पांढरं. पूर्ण वाढलेला नर पस्तीस-चाळीस किलो भरतो. आमच्याकडं शेळीचा मोठा बोकड भरतो तेवढाच. पण पळायला लागला की ताशी ऐंशी किलोमीटरला पोहोचतो असं जाणकार सांगतात. मी मोजलेलं नाही. जीपला मागं टाकताना मात्र डोळ्यानं पाहिलंय, आणि त्याच जीपची ही गोष्ट आहे.

त्या आधी थोडं मागं जावं लागेल.

माणूस आणि काळवीट यांची या पठारावरची ओळख फार जुनी. घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ पासून कित्येक वर्षं उत्खनन केलं. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकरी तिथं राहत होते. त्यांच्या घरांच्या राखेत-मातीत गाई-बैलांच्या, शेळ्यामेंढ्यांच्या हाडांबरोबर काळविटाचीही हाडं निघाली. म्हणजे जव पिकवणारा माणूस त्या काळीही अधूनमधून माळावर जाऊन आमटीची सोय करत होता. आमच्यात आणि त्याच्यात फरक तो काय?

एकीकडं असं खाणं, दुसरीकडं पूजाही. मनुस्मृतीत लिहिलंय की ज्या भूमीवर काळवीट आपसूक फिरतं ती भूमी यज्ञाला योग्य. ऋषींचं आसन त्याच्याच कातड्याचं. आमच्या गावच्या ब्राह्मण आळीत मुंज निघाली की कृष्णाजिनाचा तुकडा लागायचा, चांगला दोन बोटं रुंदीचा, बटूच्या जानव्याला बांधायला. जोशीकाका आदल्या आठवड्यात हळूच आमच्या वाड्यात येऊन तात्यांना विचारायचे, "आहे का हो जुनं काही?" तात्या आत जाऊन पेटीतल्या कातड्याची पट्टी कापून आणून देत. पैसे घेत नसत. त्याबदल्यात मुंजीच्या जेवणाचं आवतण मिळायचं, एवढाच व्यवहार.

राजेरजवाड्यांची तऱ्हा न्यारी. मोगलांच्या काळात पाळलेल्या काळविटाच्या शिंगांना फास बांधून त्याला रानच्या नराशी झुंजायला सोडत. झुंजता झुंजता रानचा नर अडकायचा. आईन-ए-अकबरीत याची वर्णनं आहेत. आणि चित्ते तर कालपरवापर्यंत होते. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पदरी चित्तेवाले होते. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी घालून त्याला गाडीतून माळावर न्यायचं, कळप दिसला की टोपी काढायची. बैलगाडीला काळवीट भीत नाही, ही त्यातली मेख. आपल्याकडचे चित्ते कमी झाले तेव्हा कोल्हापूरकरांनी आफ्रिकेहून आणवले. पुढं १९५२ साली चित्ता देशातून संपला असं सरकारनंच जाहीर केलं. काळवीट राहिलं, त्याला पळायला लावणारा गेला.

आमच्या माळावर चित्ते आले नाहीत. आमच्याकडं फासेपारधी यायचे. चार-पाच पालं ओढ्याच्या काठाला पडायची. तातीचे फास, त्यांना लाकडी खुंट्या, असे पन्नास-साठ फास एका दोरीला. पारधी शिकवलेल्या बैलाच्या आडून चालायचा. बैल चरत चरत पुढं, माणूस त्याच्या पोटाआड. कळप हळूहळू फासांकडं सरकायचा. ना आवाज, ना दारू. इंग्रजांनी या लोकांना गुन्हेगार जमातीच्या कायद्यात घातलं, तो कायदा १९५२ साली उठला. पण गावच्या मनातनं काही उठला नाही. गावात कुठं काही हरवलं की पहिलं बोट पालाकडं. आणि त्याच पालावरून अर्ध्या रात्री पाटलाच्या घरी तितराची जोडी जायची, ते कुणी बोलायचं नाही.

नगरला गोऱ्यांची छावणी होती. तिथले साहेब सुटीच्या दिवशी घोड्यावरून या बाजूला यायचे, रायफल घेऊन. आमचे आजोबा त्यांच्याबरोबर वाट दाखवायला जात. आजोबांनी सांगितलेलं तात्यांनी मला सांगितलं, ते असं: साहेबाला मांस नको असायचं. शिंगं पाहिजेत. चोवीस इंचांच्या वरची. टेपनं मोजायची आणि वहीत लिहायची. मांस वाटाड्यांना. आजोबा म्हणायचे, "गोऱ्याचा नेम चांगला आन् भूक वाईट."

आमच्या घरची बंदूक ठासणीची. १८७८ च्या शस्त्रकायद्यानं रयतेच्या हातातलं हत्यार काढून घेतलं होतं. ज्याला परवाना त्यालाच बंदूक. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला, पण परवान्याची पद्धत तीच. आमचा परवाना पीकसंरक्षणाचा. म्हणजे शेतातल्या उभ्या पिकाला रानडुक्कर, हरीण यांचा उपद्रव झाला तर तेवढ्यापुरती बंदूक. हा शब्द लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

ती बंदूक भरताना पाहणं हा आम्हा पोरांचा सोहळा असायचा. आधी नळीत शिंगड्यातली दारू. वर चिंध्यांचा बोळा. गजानं ठासायचं, ठक ठक ठक. मग छर्रे, परत बोळा, परत गज. मग घोडा मागं ओढून त्याच्याखाली तांब्याची टोपी. एवढं करून बार एकच. चुकला तर परत भरेपर्यंत हरीण सीना ओलांडून गेलेलं. म्हणून तात्यांना घाई कधीच नसायची. शाळूच्या दिवसांत माळ्यावर रात्र काढायचे, थाळी वाजवायचे, गोफण फिरवायचे. हरभऱ्याला घाटे धरले की मग मात्र काळविटं रोज पहाटे यायची आणि एका रात्रीत अर्धं वावर खुडून न्यायची. तेव्हा कुठं वर्षातनं दोन, फार तर तीन बार निघायचे.

त्यांचे नियम होते. कुणी लिहून दिलेले नव्हते, आजोबांकडनं आलेले. मादीवर बार नाही. पन्नास पावलांच्या पलीकडं बार नाही. पाण्यावर आलेल्याला मारायचं नाही, मग ते वाघरू असो की ससा. आणि लागलेलं जनावर टाकून घरी यायचं नाही. या शेवटच्या नियमापायी एकदा ते दोन दिवस घरी आले नव्हते. काकीनं देव पाण्यात ठेवले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी आले, रिकाम्या हातानं, आणि जेवून दिवसभर झोपले. जनावर सापडलं का, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

मी सहावीत होतो तेव्हा दुष्काळ पडला. १९७२ चा. त्याच्या आधीच्या वर्षीही पाऊस धड झाला नव्हता, बहात्तरला तर गेलाच. विहिरींचा तळ दिसला. बैल बाजारात नेले तर गिऱ्हाईक नाही. लोक दावी सोडून तशीच मोकळी करू लागले. रेशनला अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी आली. तिच्या भाकरीला चिकटा नाही, थापता थापता फुटायची; आई रडकुंडीला यायची. कामावर सुकडी मिळायची, ती मात्र आम्हा पोरांना आवडायची. सारं गाव पाझर तलावाच्या कामावर. सहाशे माणूस एका बांधावर, पाट्या टाकतंय. दिवसाला दोन-तीन रुपये. दादा, म्हणजे माझे वडील, चौथी शिकलेले म्हणून मुकादम. त्यांच्या टोळीत चाळीस माणसं. त्यात तात्याही. थोरला भाऊ पाटी वाहतोय आणि धाकटा हजेरी मांडतोय. तात्यांना त्याचं काही वाटायचं नाही, दादांना वाटायचं.

त्याच सालच्या सप्टेंबरात तिकडं दिल्लीत वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. काळविटाचं नाव पहिल्या अनुसूचीत गेलं, म्हणजे त्याला मारणं पार बंद. खरं तर मुंबई राज्याचा १९५१ चा कायदाही होताच, तोही आमच्या माळाला ठाऊक नव्हता. लोकांना ठाऊक एवढंच होतं की माळावर गवत उरलेलं नाही आणि काळविटं वाळक्या बोरीची सालं खातायत.

बांधाच्या खाली ओढ्याच्या वाळूत कामावरच्या माणसांसाठी झरा खोदला होता. पुरुषभर खोल, उताराची वाट केलेली. दुपारी बाराच्या सुट्टीत बायका तिथनं घागरी भरायच्या. मार्च उलटला आणि एक दिवस भर दुपारी, सहाशे माणसं भाकरी खात असताना, एक काळवीट झऱ्यावर आलं. एकटा नर. काळा कुळकुळीत, पण फासळ्या मोजता याव्यात असा. शंभर पावलांवर माणसं बसलेली त्याला दिसत होती. तरी आलं. उतरलं, प्यालं, वर आलं, माणसांकडं बघितलं आणि सावकाश गेलं. कुणी दगड उचलला नाही. दुसऱ्या दिवशी परत. मग रोजचंच झालं. बायका घागरी बाजूला घेऊन त्याला वाट द्यायच्या. आमची आजी म्हणायची, "पाव्हणं आलं बगा."

आठ-दहा दिवस असं चाललं. मग साहेब आले.

कुठल्या खात्याचे, ते मी लिहीत नाही. कामं बघायला येणाऱ्या साहेबांपैकी एक. जीप होती, बरोबर दोघं-तिघं होते. साहेबांच्या कमरेला पट्टा आणि पट्ट्याला चामड्याची पिशवी. लोक त्याला पिस्तूल म्हणाले, अजूनही म्हणतात. आज मला कळतं की ते रिव्हॉल्वर होतं. पिस्तुलाच्या मुठीत गोळ्यांची पेटी असते; रिव्हॉल्वरला सहा घरांची फिरती चकरी. चाप ओढला की चकरी एक घर पुढं सरकते. लष्करी बोअरची हत्यारं साध्या माणसाला मिळत नाहीत, मिळतं ते बत्तीस बोअरचं. नळी वीतभरसुद्धा नाही. अंगावर चालून आलेल्या माणसाला दहा-पंधरा पावलांवर थांबवायचं, यासाठी केलेली ती चीज. नळी आखूड, म्हणून माशी आणि खाच यांतलं अंतर आखूड. हात केसभर हलला तर पन्नास पावलांवर गोळी हातभर सरकते. गोळीही हलकी आणि संथ. रायफलीच्या गोळीनं जनावर जागेवर बसतं. हिच्यानं बसेलच असं नाही.

हे सगळं तात्यांना तेव्हा ठाऊक होतं. त्यांनी ते हत्यार कधी हातात घेतलं नव्हतं, तरी ठाऊक होतं. साहेबांनी पिशवीचं बटण काढलं तेव्हा तात्या माझ्या शेजारी भाकरी खात बसले होते. म्हणाले, "ह्ये कशाला?"

काळवीट नुकतंच झऱ्यातनं वर आलं होतं. तोंडाचं पाणी गळत होतं. साहेब जीपच्या सीटवर बसूनच होते, अंतर सत्तर-ऐंशी पावलं. पहिली गोळी कुठं गेली कळलं नाही. दुसरीनं वाळू उडाली. आवाज फटाक्यासारखा, आमच्या बंदुकीच्या बारापुढं काहीच नाही. काळवीट दचकलं, पण पळेना. तहानेनं त्याला वेडं केलं होतं की माणसांची सवय झाली होती कोण जाणे. तिसऱ्या गोळीला ते मागच्या बाजूनं वाकलं, जसं बैलाला पराणी टोचावी. मग उधळलं. साहेबांनी उरलेल्या तिन्ही झाडल्या. जीप सुरू झाली, माळावर शे-दोनशे पावलं गेली, दगडांनी अडली आणि परत आली. काळवीट तोवर टेकाडापलीकडं.

बरोबरचे हसत होते. साहेबही हसत होते. तात्या उठून जीपपाशी गेले. डोक्यावर चुंबळ तशीच.

"सायेब, लागलंय त्याला. पोटात लागलंय."

"मरेल कुठंतरी."

"मागं जावं लागंल."

साहेबांनी दादांकडं बघितलं आणि विचारलं, "मुकादम, सुट्टी संपली का नाही?"

दादांनी शिट्टी वाजवली. तात्यांनी चुंबळ काढून बांधावर ठेवली आणि माळाला लागले. त्यांचा त्या दिवसाचा खाडा पडला, दादांनीच मांडला. मी शाळा बुडवून तिथं गेलो होतो, तसाच मागं पळालो.

रक्त वाचायला तात्यांनी मला त्या दिवशी शिकवलं. फेसाळ, गुलाबी असेल तर छातीत लागलंय, जनावर फार लांब जात नाही. काळपट असेल आणि त्यात हिरवट घाण असेल तर आतड्यात; ते दिवसभर चालतं. आमचं काळपट होतं. वाळक्या कुसळावर थेंब, दहा पावलांनी दुसरा, मग वीस पावलं काहीच नाही. तात्या वाकून चालत. थेंब सापडला की मला तिथं उभं करायचे आणि स्वतः पुढं हेरायचे. पुढचा सापडला की मला हाक. असं चार तास. ऊन असं की डोळ्यापुढं काजवे. पाणी नाही. माझ्या पायात वहाणा नव्हत्या.

"तात्या, बंदूक आणू का घरनं?"

"घर दोन कोस मागं ऱ्हायलं पोरा. आन् बंदुकीचं काम न्हाई आता."

दिवस कलला तेव्हा ते दिसलं. हिवराच्या सावलीला बसलं होतं, मान ताठ. आम्ही दिसताच उठायला गेलं. तात्यांनी मला खाली दाबलं आणि आम्ही तिथंच बसून राहिलो. पोटात लागलेल्याला हुसकलं तर ते परत कोसभर जातं, म्हणाले. बसू द्यायचं. ताठ मान खाली येईपर्यंत. आम्ही अंधार पडेपर्यंत बसलो. ते आमच्याकडं बघत होतं, आम्ही त्याच्याकडं. एकदा ते ओरडलं, घुसमटल्यासारखं. तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. मी त्यांना रडताना पाहिलेलं नाही, त्याही दिवशी नाही. पण ते कुणाला तरी शिव्या देत होते, इतक्या हळू की त्यातली एकच मला कळली.

मग जवळ गेलो. मी शिंगं धरली. तात्यांनी कमरेचा विळा काढला.

रात्री ते आम्ही गावात आणलं. टाकून कसं येणार? गावात पोरं उपाशी झोपत होती. तात्यांनी काढलं, वाटे केले, अठरा-वीस घरांत गेले. आधी पारध्यांच्या पालावर, मग महारवाड्यात आणि मांगवाड्यात, मग आळीनं. आम्हीही खाल्लं. वर्षातनं पहिल्यांदा आईनं मिलोची भाकरी नावं न ठेवता थापली. हे मी लपवून ठेवत नाही. ते जनावर कसं मेलं ते माहीत असताना मी खाल्लं आणि दुसरा घास मागितला.

पोट साफ करताना तात्यांच्या बोटाला गोळी लागली. शिशाची, पुढं जराशी चेपलेली. धुऊन त्यांनी ती चंचीत टाकली.

चौथ्या दिवशी पोलीस आले. कुणी अर्ज केला ते शेवटपर्यंत कळलं नाही. काकीच्या परसात कातडं ताणून वाळत घातलेलं, शिंगं वळचणीला. आणि घरात परवान्याची बंदूक. पंचनामा व्हायला कितीसा वेळ लागतोय? फौजदारांनी परवान्याचं पुस्तक उघडून बघितलं आणि मोठ्यानं वाचलं, "पीकसंरक्षण." मग अंगणातनं माळाकडं नजर टाकली. मैलोन् मैल धूळ.

"पीक कुठंय?"

तात्या गप्प.

"पीकच नाही, मग संरक्षण कशाचं करत होतास?"

बरोबरचे शिपाई हसले. उत्तरही नव्हतं त्याला. बंदुकीतनं बारच निघाला नाही हे सांगायचं तर मग गोळी कुणाची ते सांगावं लागणार. चंचीत गोळी होती. ती काढून पाटावर ठेवली असती तर ठासणीच्या बंदुकीत असली गोळी जात नाही हे आंधळ्यालाही कळलं असतं. तात्यांचा हात चंचीकडं गेलेला मी पाहिला. दादा दारात उभे होते. दादांनी मान हलवली नाही, काही बोलले नाहीत, नुसतं बघितलं. साहेबांच्या सहीवर ते काम चालू होतं. चाळीस माणसांची हजेरी. तात्यांनी चंचीतनं तंबाखू काढली, मळली आणि चंची बांधून टाकली.

फौजदारांनी मला विचारलं. बोलणं प्रेमाचं होतं, तेही सांगितलं पाहिजे. "बाळ, तू होतास ना रे काकांबरोबर? कोणी मारलं?"

मी म्हणालो, "मी शाळेत होतो."

बंदूक ठाण्यात जमा झाली. तात्यांना दंड झाला. तो भरायला काकीच्या पाटल्या मोडल्या. परवान्याचं नूतनीकरण पुढं झालं नाही, बंदूक परत आली नाही. दोन-तीन वर्षं तात्या चकरा मारत होते. एकदा सांगितलं की सापडत नाही, एकदा सांगितलं की जिल्ह्याला पाठवली. मग त्यांनी जाणं सोडलं. भिंतीवरच्या दोन खुंट्या तशाच राहिल्या. काकी त्यावर हातरुणं टाकायची.

दादा आणि तात्या त्यानंतर भांडले नाहीत. वेगळेही निघाले नाहीत. पण दादा मुकादम होते तोवर तात्या पुन्हा त्यांच्या टोळीत गेले नाहीत, दुसऱ्या गावच्या बांधावर जायचे, तीन मैल चालत.

पुढं दिवस बदलले. १९७९ साली माळढोकासाठी सोलापूर-नगरच्या माळांचं मोठं अभयारण्य झालं. आठ हजारांवर चौरस किलोमीटर. कागदावर अख्खे तालुके त्यात गेले आणि जमिनीचे व्यवहार अडले. लोकांनी माळढोकाच्या नावानं बोटं मोडली. पुढं ते क्षेत्र बाराशेच्या घरात आणलं. १९८० साली आमच्याच तालुक्यात रेहेकुरीला काळविटांसाठी अभयारण्य झालं. ते इवलंसं, सव्वादोन चौरस किलोमीटरही नाही. पण काळविटं वाढली. इतकी की आता ती कुंपणाला जुमानत नाहीत. मी निवृत्तीनंतर एकरभर हरभरा करतो. त्यातला निम्मा त्यांचा. वनखात्याचा नुकसानीचा अर्ज भरायचा, पंचनामा करून घ्यायचा. अर्जात जनावराचं नाव लिहावं लागतं. शिकार केली तर तीन ते सात वर्षं तुरुंग. कुणी करत नाही असं नाही, पण चोरून. माझं म्हणाल तर हरभरा गेला की मी चरफडतो, थाळी वाजवतो, आणि पहाटे नर उड्या मारत निघाला की बघत उभाही राहतो.

तात्यांचा नातू अमेरिकेत टेक्सासला असतो, कॉम्प्युटरच्या कामाला. दोन वर्षांपूर्वी त्यानं फोनवर फोटो पाठवला. कुंपणाआड काळवीट. पिळाची शिंगं, डोळ्याभोवती पांढरं कडं. "आजोबा, हे आपलंच ना?" आपलंच. मग मी शोधलं, वाचलं. १९३२ च्या सुमाराला तिथल्या जमीनदारांनी शिकारीसाठी काळविटं आणून सोडली. माळ मानवला, वाढली. इतकी की पाकिस्तानात काळवीट संपलं तेव्हा १९७० साली टेक्सासहूनच तिकडं पाठवली. बहावलपूरचा माळ आमच्या माळापासून किती लांब, आणि जनावर आलं कुठनं!

नातू म्हणाला, इथं हरणाची शिकार पिस्तुलानंही करतात, कायद्यानं. मला वाटलं चेष्टा करतो. पण नाही. तिकडं त्यासाठी वेगळी रिव्हॉल्वरं निघाली. १९३५ साली तीनशे सत्तावन मॅग्नम, १९५५ साली चव्वेचाळीस मॅग्नम. नळी आठ-आठ, दहा-दहा इंच, वर दुर्बीण, धक्का असा की मनगट दुखावं. त्याच्या ऑफिसातला एक म्हातारा दरवर्षी असं एक हरीण मारतो आणि वर्षभर खातो. नातू एकदा त्याच्याबरोबर गेला. म्हातारा चार महिने आधीपासून कागदी थाळीवर नेम धरत होता. थाळीच्या मापाच्या गोलात सगळ्या गोळ्या ज्या अंतरापर्यंत बसतील तेवढंच त्याचं अंतर. त्याच्या पलीकडं कितीही मोठ्या शिंगाचा नर आला तरी हत्यार उचलायचं नाही. त्या दिवशी एक नर आला, साठ पावलांवर उभा राहिला. म्हाताऱ्याचं अंतर पन्नास. दोघं तीन तास बसून रिकाम्या हातानं परत आले.

"मला तर बोअरच झालं," नातू म्हणाला.

मी त्याला विचारलं, "पाण्यावर मारतात का रे तिकडं?"

ते काही त्यानं विचारलं नव्हतं.

तात्या १९९१ ला गेले. त्यांची चंची काकीनं मला दिली, "तुझ्यासाठीच ठेवली म्हणाले होते." आत वाळकी तंबाखू, चुन्याची डबी आणि ती गोळी. परवा कर्जतला गेलो तेव्हा सोनाराच्या काट्यावर ठेवून बघितली. सहा ग्रॅमला जरा वर भरली. सोनारानं चिमट्यात धरून उलटीसुलटी केली आणि विचारलं, "गुरुजी, शिसं आहे हे. कशाला मोजताय?"

मी म्हणालो, बघावं म्हटलं. आणि परत पिशवीत टाकली.